‘कबूल आहे’ म्हणण्याआधी

‘‘कबूल आहे म्हण, शंभर रुपये भर आणि घरी ये. कशाला तारखांच्या मागे लागतेस?’’

हे वाक्य कुणा हवालदाराचं नाही, वकिलाचंही नाही. माझं आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कायद्याच्या गोष्टी सांगायला लागले की कुणाला वाटायला नको, ही बाई दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला निघाली आहे.

गोष्ट २०१२ सालची. आमच्या गावाला तेव्हा उन्हाळ्यात चार दिवसांआड पाणी यायचं. वस्तीतल्या सार्वजनिक नळावर दोन शेजारणींची जुंपली. आधी तोंडातोंडी, मग हंडे फेकणं, मग झिंज्या! आमच्या बचत गटातली एकजण तिथेच रांगेत होती. चार घरची धुणीभांडी करणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपला हंडा बाजूला ठेवून ती सोडवायला गेली. तेवढ्यात कुणीतरी फोन केला, पोलीस आले, आणि जी जी नळापाशी उभी होती तिचं तिचं नाव कागदावर चढलं. सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता बिघडवली, असा आरोप. तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं कलम १६०. शिक्षा जास्तीत जास्त एक महिना कैद किंवा १०० रुपये दंड, नाहीतर दोन्ही.

पहिल्या तारखेला साहेब रजेवर. दुसऱ्या तारखेला चौघींपैकी एक माहेरी गेलेली. प्रत्येक तारखेला हिचा खाडा, आणि खाडा झाला की एका घरच्या बाई पगारातून कापणार. तिसऱ्या तारखेला मी सोबत गेले. कोर्टाच्या आवारात एक कागद तयार होता. त्याला तिथे ‘पुरसिस’ म्हणतात. आम्हाला गुन्हा कबूल आहे, आम्ही गरीब आहोत, कमीत कमी शिक्षा व्हावी, एवढाच मजकूर. खाली चार रेघा, अंगठ्यांसाठी नाहीतर सह्यांसाठी.

ती मला म्हणाली, ‘‘ताई, पण मी तर कुणाला हात लावला नाही. कबूल कसं म्हणू?’’

त्यावर मी जे बोलले ते तुम्ही वर वाचलंच आहे.

आत सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. साहेबांनी विचारलं, ‘‘आरोप समजला का?’’ तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती म्हणाली, ‘‘हो साहेब.’’ ‘‘कबूल आहे?’’ ‘‘हो साहेब.’’ ‘‘कुणी जबरदस्ती केली का?’’ ‘‘नाही साहेब.’’ झालं! दंडातले पन्नास मी भरले, पन्नास तिने. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. सुटलो एकदाच्या, म्हणून.

२०१६ मध्ये एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी होती. कंत्राटी जागा, पण महिन्याच्या महिन्याला पगार, आणि धुण्याभांड्यापेक्षा कितीतरी मानाचं काम. हिच्या हाताला चव आहे. निवड झाल्यातच जमा होती. मग त्यांनी पोलीस ठाण्याचा चारित्र्याचा दाखला मागितला. त्यात ते २०१२ चं प्रकरण निघालं. ‘दोषी, दंड.’ नळावर सोडवायला गेली होती, हे त्यात कुठे लिहिलेलं असणार? जागा दुसरीला गेली.

ती मला बोलली नाही हो काही. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, ‘‘ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना, यानं काही होत नाही?’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या एका कॉलेजमधल्या मैत्रिणीला फोन केला. आम्ही दोघी बी.ए.ला एका बाकावर होतो. ती पुढे एल.एल.बी. झाली, मी लग्न करून इकडे आले. तिला म्हटलं, अपील करूया. ती म्हणाली, ‘‘अगं, ज्याने स्वतःच गुन्हा कबूल केला त्याला अपील जवळजवळ नसतंच. शिक्षा फार झाली किंवा कायद्याबाहेरची झाली, एवढ्यापुरतंच करता येतं. आणि शंभर रुपयांच्या दंडाला तर तेवढंही नाही. रिव्हिजनचा मार्ग असतो, पण त्याची मुदत ९० दिवसांची. तुमची चार वर्षं उलटली.’’

मग मी तिच्यामागे लागून हा विषय समजून घेतला. जे समजलं ते सांगते.

आपल्या घटनेच्या कलम २० मध्ये लिहिलेलं आहे की, कुठल्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येणार नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे आपल्याला मालिका बघूनही ठाऊक झालेलं असतं. पण कोर्टात, न्यायाधीशांसमोर, आरोप वाचून दाखवल्यावर ‘कबूल आहे’ म्हणणं ही निराळीच गोष्ट आहे. तिथे पुरावा, साक्षीदार, उलटतपासणी सगळंच संपतं. आपल्या त्या दोन शब्दांवर थेट शिक्षा होते. म्हणून कायदा म्हणतो, हे शब्द स्वखुशीचे पाहिजेत, समजून उमजून पाहिजेत आणि स्पष्ट पाहिजेत. किरकोळ खटल्यांबद्दल तर असंही लिहिलेलं आहे की, आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवावी. आधी छापून ठेवलेल्या कागदाच्या शब्दांत नव्हे. जुना फौजदारी प्रक्रिया कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण ही तरतूद तशीच आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. आरोपीने कबूल म्हटलं की न्यायाधीशाने शिक्षा दिलीच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. ‘देऊ शकेल’ असं म्हणतो. म्हणजे ती कबुली खरी वाटली नाही, अर्धवट वाटली, समजून दिलेली वाटली नाही, तर ती बाजूला ठेवून खटला चालवण्याचा अधिकार त्यांना आहे. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यात तर नुसत्या कबुलीवर शिक्षा न देता पुरावा घ्यावा, अशी न्यायालयांची जुनी पद्धतच आहे.

आता आमच्या बाईकडे या. मारामारीचा गुन्हा व्हायला आधी मारामारी करावी लागते. ‘मी सोडवायला गेले होते’ हे वाक्य तिने तिथे उच्चारलं असतं तर ती कबुली राहिलीच नसती. साहेबांना ‘नाकबूल’ लिहावं लागलं असतं. त्यांनी ‘कबूल आहे का’ऐवजी ‘काय झालं ते सांग’ एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. आणि मी मान हलवली नसती तरी!

या बाबतीत आपल्याकडे काळजी घेतलीच जात नाही, असं मात्र नाही. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण देते. मुंबईवरच्या हल्ल्याचा खटला चालू असताना २० जुलै २००९ रोजी कसाब अचानक उभा राहिला आणि मला गुन्हा कबूल आहे म्हणाला. सगळ्या देशाला वाटलं, संपलं आता. पण न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी तेवढ्यावर निकाल दिला नाही. त्याचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि खटला पुढे चालवला, साक्षीपुरावे घेतले. निकाल लागला मे २०१० मध्ये. त्याआधी त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे जो कबुलीजबाब दिला होता, तो नोंदवणाऱ्या दंडाधिकारी एक बाईच होत्या. त्यांनी त्याला विचार करायला वेळ दिला, पोलिसांच्या ताब्यापासून दूर ठेवलं, कुणाचा दबाव आहे का हे पुन्हा पुन्हा विचारलं. पुढे त्याने तो जबाब फिरवला, तरी २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो स्वेच्छेचा मानला, तो या सगळ्या काळजीमुळे. त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगून ठेवलं की, पकडलेल्या माणसाला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात तेव्हाच, तुला वकिलाचा हक्क आहे आणि पैसे नसतील तर सरकारी खर्चाने मिळेल, हे त्याला सांगणं दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे.

काहीजणांना राग येतो, त्याच्यावर कशाला एवढा वेळ घालवला म्हणून. मला तो राग समजतो. पण मी त्यातून वेगळंच घेतलं. एवढ्या मोठ्या गुन्ह्यात, हजारो डोळ्यांदेखत घडलेल्या गुन्ह्यात, नुसत्या ‘कबूल’ या शब्दावर जर न्यायालय विसंबत नाही, तर नळावरच्या बाईच्या ‘हो साहेब’वर इतक्या पटकन का विसंबतं? दोन्ही गोष्टी २०१२ च्याच. त्या निकालाच्या आधी काही महिने आमच्या बाईचा निकाल दोन मिनिटांत लागला होता.

मैत्रिणीने अमेरिकेतली एक केस सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. अलाबामा राज्यात मोबील नावाचं शहर आहे. तिथे २७ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणावर दरोड्याचे पाच आरोप होते. त्याने पाचही कबूल केले. न्यायाधीशांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही, तोही काही बोलला नाही, आणि त्याला फाशीची शिक्षा झाली! १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कबुलीच रद्द केली. आरोपी गप्प होता म्हणजे राजी होता, असं धरता येणार नाही. आपण कुठले हक्क सोडतो आहोत हे त्याला ठाऊक होतं, असं कोर्टाच्या कागदावर दिसलं पाहिजे, असं ते म्हणाले. ‘बॉयकिन विरुद्ध अलाबामा’ या नावाने ही केस ओळखली जाते. तेव्हापासून तिथले न्यायाधीश कबुलीच्या आधी प्रश्नांची सरबत्तीच करतात म्हणे. अर्थात तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, त्याच न्यायालयाने सांगितलं की जास्त शिक्षेच्या भीतीने गुन्हा कबूल केला, एवढ्यावरून ती कबुली जबरदस्तीची ठरत नाही.

हे मला पटत नाही. भीती ती भीतीच. कुणी हात पिरगाळला नाही म्हणून ती स्वखुशी कशी?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाला पूर्वी हे पटत होतं. १९८० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी शिक्षेचा सौदा करून कबुली घेण्याला चांगलंच फटकारलं होतं. लांबत जाणाऱ्या खटल्याला कंटाळून निर्दोष माणूससुद्धा कबूल म्हणून मोकळा होईल, ही भीती त्यांनी तेव्हाच बोलून दाखवली. पुढे १९८३ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात, कमी शिक्षेच्या आशेने कबुली द्यायला लावायची आणि वरच्या कोर्टाने मग शिक्षा वाढवायची, हे अन्यायाचं आहे, असंही न्यायालय म्हणालं.

नंतर मात्र खटल्यांचा ढीग एवढा वाढला की २००६ पासून कायद्यानेच तडजोडीची कबुली आणली. त्याला ‘प्ली बार्गेनिंग’ म्हणतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ती करता येते. बायकांवरच्या आणि मुलांवरच्या अत्याचारांत नाही, हे एक बरं केलं आहे. आणि त्यात एक नियम आहे. आरोपीने असा अर्ज दिला की न्यायाधीशांनी त्याच्याशी बंद दाराआड, समोरच्या पक्षाला बाहेर ठेवून, बोलायचं आणि अर्ज स्वखुशीचा आहे ना याची खात्री करून घ्यायची. खात्री झाली नाही तर अर्ज बाजूला ठेवून खटला पुढे चालू.

किती साधी गोष्ट! जी बाई नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर, हवालदारासमोर किंवा माझ्यासारख्या ‘ताई’समोर खरं बोलणार नाही, ती एकटीने विचारलं तर बोलेल. पण हा नियम फक्त त्या खास अर्जापुरता आहे. साध्या, रोजच्या ‘कबूल आहे’ला तो नाही. माझं स्पष्ट मत आहे की तो तिथे जास्त गरजेचा आहे. कारण तिथेच वकील नसतो आणि तिथेच घाई असते.

मैत्रीण मला म्हणाली, ‘‘तू म्हणतेस ते खरं, पण प्रत्येक किरकोळ केस लढवली तर कोर्टं बंद पडतील. शंभर-दोनशे रुपयांत माणूस मोकळा होतो, ही दयाच समज.’’ तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. जिने खरंच काही केलं आहे तिने कबूल करून मोकळं व्हावं, यात वाईट काहीच नाही. माझा प्रश्न जिने केलेलं नाही तिचा आहे. तारखेला खाडा होतो, रिक्षाचे पैसे जातात, घरी पोर तापलेलं असतं. तिला ‘जबरदस्ती केली का’ असं विचारलं तर ती ‘नाही’च म्हणणार. कुणी मारलेलं नसतं ना! ‘आणखी किती तारखांना येणं तुला जमेल?’ असं विचारलं तर खरं उत्तर मिळेल.

आणि एक आपल्या बायकांचं म्हणून आहे. लहानपणापासून आपल्याला ‘चुकलं माझं’ म्हणायची सवय लावलेली असते. भाजीत मीठ जास्त झालं, चुकलं. सासूबाई रुसल्या, चुकलं. कुणाचं का चुकेना, घरात शांतता हवी तर सुनेनं चुकलं म्हणावं, असं आपल्या आयांनीच आपल्याला शिकवून पाठवलेलं असतं. घरात त्याने भांडण मिटतंही. तीच सवय घेऊन बाई कोर्टात उभी राहते. समोर मोठा माणूस आहे, तो चिडायला नको, म्हणून ‘हो साहेब’. पण तिथे ते लिहून ठेवतात!

म्हणून आता माझ्या गटात मी सांगते, आरोप मराठीत समजावून मागा. इथल्या खालच्या कोर्टाची भाषा मराठीच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. समजलं नाही तर ‘समजलं नाही साहेब’ म्हणा. वेळ मागा. बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, १५१०० या नंबरवर फोनही करता येतो. मोफत वकिलाचा हक्क २०१२ मध्येही होता. मला माहीत नव्हतं. समाजकार्य करते म्हणवून घेणाऱ्या मला!

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका भाजीवालीवर रस्ता अडवल्याची केस झाली. नव्या भारतीय न्याय संहितेत त्याला दंड ५००० रुपयांपर्यंत आहे, पूर्वी २०० होता. तिने त्या दिवशीची बाजारपावती फाडलेली होती आणि टोपली आखलेल्या जागेतच होती, असं तिचं म्हणणं. पुन्हा तेच, आवारात कुणीतरी म्हणालंच, कबूल म्हण आणि मोकळी हो. मी काही बोलायच्या आत माझ्या शेजारी उभी असलेली, तीच नळावरची बाई, म्हणाली, ‘‘नाही. तिला काय झालं ते सांगू द्या.’’ मग म्हणाली, ‘‘ताई, आत हिच्यासोबत मी थांबते. तुम्ही बाहेरच बसा.’’

मी बाहेर बसले. टोपली माझ्यापाशी होती.

अर्ध्या तासाने दोघी आल्या. साहेबांनी विचारलं, तिने पावती दाखवली आणि सांगितलं. नाकबूल लिहिलं गेलं, समितीकडून वकील द्यायचा हुकूम झाला. पुढची तारीख गुरुवारची देत होते. ती म्हणाली, ‘‘साहेब, गुरुवारी आमचा बाजार असतो.’’

शुक्रवारची दिली.